दिवाणखान्यातलं पाणी

कियूमर्स,

भिंतींचे दगड घेऊन ट्रक आला होता, मी परत पाठवला. चिडण्याआधी पूर्ण वाच.

अख्ख्या इस्फहानात तुला फरशीला आणि आता भिंतींनाही हाच गडद राखाडी संगमरवर दिसला. "घर अंधारेल," म्हटलं तर म्हणालास, "तुला यातलं काय कळतं!" बरं, नाही कळत. पण आज नमाज आटोपून आई दिवाणखान्याच्या दाराशी आल्या आणि थबकल्या. तुझ्या त्या चकचकीत फरशीत अंगणातलं डाळिंबाचं झाड हलत होतं. झग्याचा घोळ वर उचलून त्यांनी मला विचारलं, "फरिबा, हे पाणी किती खोल आहे गं?"

मला आधी हसूच आलं. मग पाहिलं, तर त्या पायाच्या टोकानं फरशी चाचपत होत्या. मी हात धरला तरी त्या आत येईनात.

गालिचे घालायचे नाहीत, दगड दिसला पाहिजे, हा तुझा हुकूम! म्हणून त्यांना तुझ्या बहिणीकडे, शहनाजकडे नेतेय. माळ्यावरचे गालिचे काढून अंथर, मग आम्ही येऊ. पालकाची आश, तुझं ते दाट सूप, शेगडीवर आहे, गरम करून घे.

निघताना आईंनी मला शपथ घातलीय, "कियूमर्सला एक शब्द बोलू नकोस, पोरानं हौसेनं फरशी बसवलीय."

म्हणून बोलत नाही, लिहितेय.

फरिबा