वरची ओळ

आबा, गेल्या रविवारी मी एका चिनीमातीच्या बशीवर नाव घातलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच हातानं घासताना ते निघून गेलं. तुम्ही असता तर आधी पोटभर हसला असता, मग म्हणाला असता, "चिनीमातीवर नाव घालतंय व्हय कुणी?" तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. पण हे दुसऱ्या कुणाला सांगू? ज्या नावाची ही गोष्ट आहे ते तुमच्याबरोबरच गेलं. आई तर आधीच गेली होती. चुलत भावंडं मला ताई म्हणतात, ह्या घरात मी सासरच्या नावाची, आणि तुम्ही ठेवलेल्या नावानं मला हाक मारणारं माणूस आता उरलं नाही. रेशनकार्डावर ते नाव नाही, मतदानाच्या कार्डावर नाही. शाळेचा दाखला तेवढा आहे, तो नवऱ्याच्या कपाटात, आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

सासूबाई दुपारी झोपतात, तेवढा एक तास माझा. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. वाईट बाई नाही हो, हात कधी उगारला नाही. पण पायात चप्पल घातली की विचारतात, "कुठं?" आणि परत आले की, "एवढा वेळ?" सोळा वर्षं ह्या दोन प्रश्नांच्या मधे जेवढं बसतं तेवढंच माझं बाहेरचं जग. मंगळवार पेठेतून महाद्वार रोड किती लांब? तुम्ही ज्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचा, त्या पायरीपर्यंत चालत दहा मिनिटं. लग्न झाल्यापासून मी तिकडं एकदाही फिरकले नाही. जायला कारण लागतं, आणि कारण विचारलं की मला सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात आहे, सकाळी कंपनीच्या बसनं जाते, संध्याकाळी येते. तिनं आपलं नाव बदलू दिलं नाही. बोलणी चालू असतानाच सांगितलं म्हणे, "नाव हाय तेच ऱ्हाईल, न्हायतर ऱ्हाऊ दे." आत्या आठ दिवस तोंड पाडून होत्या, मग गप्प झाल्या. मी मात्र अजून गप्प झालेली नाही आबा, आतल्या आत. एवढं सोपं होतं होय? चार शब्द बोलायचे आणि मोकळं व्हायचं? तिचा राग येतो मला, आणि ती एवढी गोड की राग धरून ठेवताही येत नाही.

तर ही जाऊ शनिवारी ऑफिसातून एक कागद छापून घेऊन आली. इंटरनेटवर म्हणे सगळ्या जगातल्या बायका सध्या हेच करतायत. साधी पांढरी बशी घ्यायची, पक्क्या शाईच्या मार्करनं तिच्यावर चित्र काढायचं, नाव लिहायचं, आणि अर्धा तास ओव्हनमध्ये भाजायची. रंग कायमचा बसतो, धुतला तरी जात नाही. फोटो होते त्या कागदावर, काळेपांढरे छापलेले, पण फुलं छान दिसत होती. रविवारी तिनं सहा बश्या, मार्करचं पाकीट आणि तिचा केकचा ओव्हन असं सगळं स्वयंपाकघरात मांडलं. आत्या दारात उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. "बश्या भाजून खायच्या व्हय गं आता? भाकरी काय वाईट हाय?" जाऊ म्हणाली, "आत्या, तुमच्यासाठी पण एक करतो की, मोराची." आत्या "मला नको त्यो मोर" म्हणत आत गेल्या, पण दर दहा मिनिटांनी येऊन मोर कुठवर आला ते बघून जात होत्या.

जाऊ मला म्हणाली, "ताई, तुम्ही तुमचं नाव घाला. तुमचं अक्षर बघा की, छापल्यासारखं आहे." कसं नसेल? शाळेला सुट्टी पडली की आपल्या गडमुडशिंगीहून तुमच्या सायकलच्या मागच्या सीटवर बसून यायचे मी, आणि दिवसभर पायरीवर तुमच्या शेजारी. तुम्ही छिन्नी धरायचा, बारक्या हातोडीनं टकटक करत टिंबाटिंबांनी अक्षर उठवायचा. मधलं अक्षर आधी, मग दोन्ही बाजूंना. ताटाच्या काठाला दोरा लावायचा, दुमडायचा, जिथं दुमड येईल तो मध्य. पुढं गल्लीत टर्रर्र करणारं करंटवरचं मशीन आलं, तरी जुनी गिऱ्हाइकं तुमच्याकडंच यायची. आणि लग्नाच्या भांड्यांचा तुमचा एक ठरलेला नियम होता. देणाऱ्याचं नाव खालच्या ओळीत, घेणारीचं वर. पण नवरीचं नाव सासरी बदलणार असेल तर ते वेळेवर कुठलं कळायला? म्हणून तुम्ही खालची ओळ आधी घालायचा आणि वर बोटभर जागा रिकामी सोडायचा. सासरहून नावाचा निरोप आला की बायका भांडी परत घेऊन यायच्या. मी तुम्हाला विचारलं होतं, एवढी रिकामी जागा बरी दिसत नाही. तुम्ही म्हणाला, "रिकामी न्हाय ती. नाव यायचं हाय तिथं."

हे सगळं मला पाठ होतं आबा. आणि तरी.

माझ्या लग्नाच्या आधी चार दिवस ह्यांच्याकडून निरोप आला, नाव अमुक ठेवायचं ठरलंय. तुम्ही अंगणात माझी भांडी मांडून बसला होता. पाच ताटं, वाट्या, तांब्या, डबे, परात, घागर. मोतीबिंदू तेव्हा नुकताच सुरू झाला होता, तुम्ही डोळे बारीक करून बघायचा. मला हाक मारली आणि विचारलं, "कुठलं घालू?" मी एवढी खुशीत होते. सासरचं नाव मला शहरातल्या बाईसारखं वाटत होतं, आणि आपलं मात्र गावठी, गल्लीत तिघींचं असलेलं. मी म्हणाले, "त्यांचं घाला की आबा. आता तेच माझं." तुम्ही मान हलवली आणि छिन्नी उचलली. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं ते नाव लिहिलं, बायका हसल्या, मी लाजले. झालं.

सासरी भांडी उघडली तेव्हा आत्यांनी पहिलं ताट उजेडात धरलं. "अगंबया, तुझ्या आबाचा हात घसरला की गं. सगळी नावं खाली गेल्यात." खरंच प्रत्येक भांड्यावर नाव खाली होतं आणि वर मोकळं. चुलतसासवा बघायला आल्या होत्या, त्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिचा बाप नावं घालून जगला तिच्याच भांड्यांची ही गत! महिन्याभरानं तुम्ही मला न्यायला आला, दारातच मी तुमच्यावर घसरले. सगळ्यांच्या देखत. म्हणाले, "आबा, दिसत नव्हतं तर दुसऱ्याकडनं घालून घ्यायचं की! सगळी नावं खाली गेली. हसतात मला." तुम्ही टोपी काढली, परत घातली. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. वर जागा हाय." मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी बरळताय. चहा सुद्धा पूर्ण घेतला नाही तुम्ही. त्यानंतर तुम्ही छिन्नी हातात धरली नाही, हे मला कितीतरी उशिरा कळलं. भांडी आत्यांनी पोत्यात भरून माळ्यावर टाकली, ती तिथंच राहिली.

रविवारी बशी हातात घेतली, दोरा लावला, मध्य काढला. जाऊ म्हणाली, "नुसतं नाव नको, अजून काहीतरी पाहिजे खाली." मी म्हटलं, मग दोन ओळी करू. हात आपोआप खालच्या ओळीवर गेला, आणि तिथं मी सासरचं नाव लिहिलं, कारण मला माझं म्हणून तेच लिहायची सवय. मग बशी लांब धरून बघितली. नाव खाली, वर बोटभर मोकळं. आबा, मी मार्कर खाली ठेवला. हे मी कुठं बघितलंय हे कळायला वेळ लागला नाही. स्टूल घेतलं, माळ्यावर चढले, पोत्यातून एक ताट ओढून काढलं, पदरानं पुसलं. तेच. मोजून बोटभर जागा, दोरा लावून काढलेली. हात घसरला असता तर एका भांड्यावर घसरला असता की हो, सगळ्यांवर एकसारखा कसा घसरेल? एवढं साधं मला सोळा वर्षं सुचू नये? त्यांचं नाव तुम्ही मी सांगितलं म्हणून घातलं, आणि माझ्यासाठी जागा राखून ठेवली. मला कधीतरी परत पाहिजे होईल म्हणून. आणि मी तुम्हाला आंधळा म्हणाले, चार माणसांत.

जाऊ खालून विचारत होती, "ताई, काय झालं? रडताय का?" मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात. खाली आले आणि बशीवर वरच्या ओळीत माझं नाव लिहिलं. किती वर्षांनी लिहीत होते! मधलं अक्षर आधी, मग दोन्ही बाजूंना. ओव्हनमधून बशी निघाली तेव्हा आत्या मोर घ्यायला आल्या होत्या. माझी बशी उचलली, वरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "ही कोण गं?"

त्यांचं काय चुकलं? त्यांना खरंच आठवत नव्हतं. आणि मी म्हणाले, "कुणी न्हाय. असंच."

जावेनं माझ्याकडं बघितलं, आणि ओव्हनची पिन काढली.

सोमवारी सकाळी त्याच बशीत कुणीतरी पोहे खाल्ले. भांडी माझ्याकडंच असतात. पावडर घेतली, काथ्या घेतला, बशी हातात आली तेव्हा जपून घासायला लागले, पण तेलकट होती. आधी वरची ओळ निळी होऊन पसरली, मग खालची. दोन्ही नावं माझ्या बोटांवर आणि तिथून मोरीत. आत्यांचा मोरही त्याच दिवशी गेला, त्यांनी दोन दिवस जावेला धारेवर धरलं. जावेनं कागद परत वाचला, कपाळावर हात मारला. "अगं बाई, ऑइलवाला मार्कर पाहिजे होता की! आपण साधा घेतला." ती हसत होती. मीही हसले. तिला काय, तिचं नाव तिच्या ऑफिसच्या ओळखपत्रावर आहे, गळ्यात घालून फिरते.

तुमची छिन्नी आणि हातोडी माझ्याकडं आहे. तुम्ही शेवटच्या आजारपणात कापडी पिशवीत घालून दिली होती, काही न बोलता, आणि मी डाळीच्या डब्यामागं ठेवली होती. काल दुपारी ती काढली. माळ्यावरचं ताट उतरवून मांडीवर घेतलं, दोरा लावला, मध्य काढला. मधल्या अक्षराचं पहिलं टिंब मारलं. स्टीलवर आवाज केवढा होतो हो! आतून आत्यांचा आवाज आला, "काय ठोकतीस गं?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "काय न्हाय आत्या, खिळा मारतोय." आणि ताट परत पोत्यात गेलं. एक टिंब पडलंय तेवढं. बोट फिरवलं तर लागतं.

आता आत्या उठायची वेळ झाली. हे पत्र कुठं टाकणार, तुमचा पत्ता कुणाला ठाऊक? छिन्नीच्या पिशवीतच ठेवते. एक सांगायचं राहिलं. शेवटी सवयीनं सही केली, आणि बघते तर सासरचंच नाव पडलंय. खाली, पार कागदाच्या काठाला. खोडलं नाही. वर जागा हाय.