पायाच्या अंगठ्याची शाई

सर, तुमच्याकडे जी मुलं गणित शिकली आणि ज्यांनी तुमच्या हातचा मारही खाल्ला, त्यातली मी एक. फूटपट्टी तुम्ही आडवी कधी मारली नाहीत, कडेनं मारायचात, बोटांच्या पेरांवर. मुलगी म्हणून सूट दिली नाहीत. मी मनातल्या मनात तुम्हाला लाख शिव्या घातल्या. तरी नववीला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला हवं होतं ते तुमचंच उच्च गणित. बाकीच्या सगळ्या मुली साधं गणित आणि गृहशास्त्र घेत होत्या.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, म्हणणं सरळ होतं. "साधं घे अन् पास हो. म्याट्रिक पास पोरीला नोकरीवाला नवरा भेटतो. नापास पोरीला कोन इचारतंय?" मी तिसऱ्यांदा विषय काढला तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून खांबावर आदळलं. कपाळ फुटलं. जखमेत हळद दाबत आई म्हणाली, "सोड गं हट्ट. त्यो जीव घिईल तुजा." मी हट्टाला पेटले होते. फॉर्मवर पालकाचा अंगठा हवा होता. माझा अंगठा बारीक, अण्णांचा नांगर धरून रुंद झालेला. तेव्हा मी पायाच्या अंगठ्याला दौतीतली शाई फासली आणि फॉर्मवर पाय दाबला. सकाळी फॉर्म देऊन मोकळी झाले.

तो नेमका शेवगावच्या बाजाराचा दिवस. आमच्या शाळेच्या कारकुनाला अण्णा बाजारात भेटले आणि त्यानं कौतुक केलं, पोरीला उच्च गणित दिलंत म्हणून. अण्णा बैल तिथंच सोडून चाबकासकट शाळेत आले. तुम्ही व्हरांड्यात होता, मी वर्गाच्या दारात.

"मास्तर, माजा अंगठा कुनी उठवला?"

तुम्ही ऑफिसातून फॉर्म मागवला. तो पाहिलात. मग माझ्या पायाकडे पाहिलंत. मी अनवाणी, अंगठा निळा. मी दुसरा पाय त्यावर ठेवला.

"मी उठवला," तुम्ही म्हणालात.

पहिला फटका तुमच्या मानेवर बसतो. दुसऱ्यानं चष्मा उडतो. मग चाबूक टाकून अण्णा बुक्क्यांनीच मारायला लागतात. तुम्ही पडता, ते तोंडावर लाथ घालतात आणि तुमचा पुढचा दात फरशीवर येतो. तुम्ही हात उचलत नाही. मुलं बाकांवर चढून बघतायत. दोन शिपायांनी मिळून अण्णांना ओढलं तेव्हा कुठं ते थांबले.

हेडमास्तर पोलिसांना बोलवायला निघाले होते. तुम्ही रक्त थुंकलात आणि म्हणालात, "पोलीस नकोत. पोरगी माझ्या वर्गात बसेल, तेवढं कबूल करा." अण्णा आपल्या हातांकडे बघत होते. मास्तरावर हात टाकला हे त्यांना तेव्हा उमगलं असावं. "व्हय," ते म्हणाले आणि चाबूक न घेताच गेले. तुम्ही माझ्याकडे वळलात. "जा, पाय धुऊन ये."

त्या दिवसापासून अण्णांनी मला मारलं नाही आणि मॅट्रिकचा निकाल लागेपर्यंत माझ्याशी बोललेही नाहीत. तुम्ही मात्र चौथ्या दिवशी, ओठ सुजलेला असताना, बीजगणिताची एक पायरी गाळली म्हणून मला दोन पट्ट्या हाणल्यात. मला तेव्हा हसावं की रडावं कळेना. पुढं मी जन्मभर गणितच शिकवलं आणि खोटं कशाला सांगू, माझाही हात चालायचा.

मुलांना, नातवंडांना मी ही गोष्ट सांगते. मी गप्प का राहिले असं विचारलं की सांगते, बोलले असते तर अण्णांनी फॉर्म फाडला असता. ते पटतं सगळ्यांना. पण सर, फॉर्मचा विचार मला दात पडल्यावर सुचला. त्याआधी तुमच्या मानेवर पहिला फटका बसला तेव्हा तुमच्या पट्टीनं माझी पेरं ठणकत होती, आणि मला बरं वाटलं होतं.