नम्रताची हजेरी

१२ जुलै १९९९
हे कसलं कॉलेज! नम्रता अकरालाच घरी परत. अकरावीच्या वर्गात ही एकटी. बाकी सगळे कोचिंग क्लासला — कॉलेजात फक्त नाव घातलेलं. फिजिक्सचे सर हिला म्हणाले, "तू का येतेस?"
"मग तू काय म्हणालीस?"
"सॉरी म्हटलं, काकू."
सॉरी! बासष्ट साली मी बी.ए. झाले तेव्हा वर्गात जागा धरायला रुमाल टाकावा लागे. तिला सांगितलं, उद्या पुन्हा जायचं. माझ्याकडे राहणारी मुलगी कॉलेज चुकवणार नाही.

१५ जुलै
गेली. सरांनी शिकवलं! तेवढ्यात शिपाई बद्रीनाथ दारातून म्हणाला, "एकीसाठी दोन पंखे?" एक बंद करून गेला.

२२ जुलै
वरच्या मजल्यावरचे श्रीधरराव जिन्यात भेटले. त्यांचा आमोद हिच्याच वर्गात — म्हणजे कागदावर. "अहो, क्लास लावा तिला. कॉलेजात जाऊन वर्ष फुकट घालवतेय पोरगी. आमचा बघा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, मग थेट अमेरिका."
आमोदला विचारलं, कॉलेज कसं आहे रे? "बाहेरून चांगलं वाटतं, काकू."
जेवताना नम्रता म्हणाली, "माझंच काही चुकतंय का?" तिचे वडील महिपतराव यवतमाळकडे पंचायत समितीत शिपाई. क्लास परवडणारा नाही. पुण्यात जमलं नाही तर शिक्षण पुरे, असं त्यांनी तिला सोडून जातानाच बजावलंय. म्हणजे जमवायलाच हवं.

३ ऑगस्ट
नम्रताला ताप. डॉक्टरांनी सक्तीनं झोपवलंय. पडल्यापडल्या विचारते, "सर आता कुणाला शिकवत असतील?"

१३ ऑगस्ट
अजून अशक्त आहे. तरी आजपासून कॉलेज सुरू. सर म्हणाले, "तू नव्हतीस तर किती शांत होतं!"

२० ऑगस्ट
कॉलेजच्या फलकावर हजेरी लागली. सगळा वर्ग शंभर टक्के — आमोदसकट! कमी भरली फक्त नम्रताची. तडक गेले. सुपरवायझर रावसाहेब खुर्चीतून अर्धेच उठले.
"बाई, क्लासच्या मुलांना आम्ही सरसकट हजर लावतो. सगळीकडे तसंच चालतं."
"मग हिला का नाही लावलं?"
"ती आली नव्हती ना!"
"आणि बाकीचे आले होते?"
"त्यांचं काय आहे, ते कधी दिसतच नाहीत. त्यामुळे कधी नव्हते, हेही सांगता येत नाही. ही रोज दिसते. नसली की लगेच कळतं. कळल्यावर खोटी हजेरी कशी लावणार?"
तत्त्वाचा माणूस! पालकांना नोटीस गेलीसुद्धा म्हणे.

२८ ऑगस्ट
महिपतराव आले. रात्रभर एस.टी.त बसून, हातात नोटीस घेऊन. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, दोनदा सांगितलं. शांतपणे ऐकलं त्यांनी, चहा घेतला. मग म्हणाले, "बाई, बाकी साऱ्या पोट्ट्यायची भरते. मंग इचीच काहून नाही?"
"अहो, कारण ही एकटीच जाते!"
त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "शिक्का हाये न बाई."
जन्मभर शिक्क्याचे कागद पोचवले त्या माणसानं. त्याला माझं तोंडी बोलणं काय पटणार?
नम्रता पिशवीत वह्या भरत होती. मी ओरडले, "अगं, तू बोल की!"
"काय बोलू, काकू? मला वर्गात कुणी पाहिलंय का?"
"सरांनी पाहिलंय!"
"त्यांनीच तर गैरहजर लावलं."
दुपारच्या गाडीनं दोघं गेली. कॉलेज सोडल्याचा दाखला दिवाळीनंतर नेऊ म्हणाले. तिची कॉट मोकळी आहे. दुसरी मुलगी इतक्यात ठेवायची नाही.

१ ऑक्टोबर
रावसाहेबांचा फोन. नम्रताची सप्टेंबरची हजेरी शंभर टक्के भरली. "बघा बाई, एका नोटिशीत सुधारली की नाही!"