पाठीला न लागलेला करंट

माउंट ड्रुइट, सिडनी
९ जून

तीर्थरूप लूसेआने आत्यास,

सेमिसीचा शि. सा. न. वि. वि. इकडे मुलं मजेत आहेत, थंडी बरीच आहे. फोनवर बोललो असतो तर तोंडून भलतंच गेलं असतं, म्हणून लिहितो.

परांचीवरून पडल्यापासून मला छातीखाली काही लागत नाही की जाणवत नाही, हे तुम्ही बघून गेलात. माझा व्यायाम घेणाऱ्या कर्स्टीने ते छोटं मशीन घरी दिलं होतं. पाठीला चिकटपट्ट्या लावायच्या, मंद करंट सोडायचा आणि तेवढ्या वेळात बसायचा सराव करायचा. दवाखान्यात करंट चालू असला की मी आधार सोडून बसायचो. मला हवंय ते एवढंच, की चर्चच्या हॉलमध्ये चटईवर मांडी घालून पुरुषांबरोबर काव्हा प्यावा. चाकांच्या खुर्चीत बसलो की खाली बसलेल्या मानकऱ्यांच्या डोक्याशी माझे गुडघे येतात. लाजेने मी जाणंच सोडलंय.

घरी मी दोन्ही हातांनी समोरची दांडी धरायचो आणि बायको, अनासेइनी, मागे बसून मशीन चालवायची. चालू आहे ना, विचारलं की हो म्हणायची. मी दांडी सोडली की पोत्यासारखा कलंडायचो. वाटलं, माझ्यातच काही उरलं नाही. परवा तपासणीला कर्स्टीने करंट सोडला आणि मी ताठ बसलो. म्हणालो, घरी असं एकदाही झालं नाही. कर्स्टीने अनासेइनीकडे बघितलं. गाडीत बसल्यावर बायको रडत म्हणाली, की मशीन ती चालूच करत नव्हती. लूसेआने आत्यांनी बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि आत्यांचा शब्द ती कसा मोडणार?

कर्स्टीने मशीन परत घेतलंय. घरात नीट चालवणारं कोणी असेल तर पुन्हा देईन म्हणाली.

आत्या, माझ्या बापाची थोरली बहीण तुम्ही. तोंडावर नको म्हणाला असतात तर मी मान खाली घालून मशीन परत केलं असतं. हे असं लपूनछपून का? मला तिथे काही लागत नाही म्हणून?

उत्तराची वाट बघतो.

आपला,
सेमिसी


नेइआफू
२३ जून

चि. सेमिसीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

होय, मीच सांगितलं. मी तुमच्याकडे होते तेव्हा एकदा करंट लावल्यावर तुझं तोंड लालबुंद झालं, घामाने निथळलास, डोकं फुटतंय म्हणून ओरडलास. मी घाबरले. पोरीला बोल लावू नकोस, राग धरायचा तर माझ्यावर धर. मी समुद्रापलीकडे बेटावर, इतकी लांब आहे की पोचेपर्यंत तो निवेल.

यामचे कंद लावून झाले. डुकरं रोज शेजारच्या वाफ्यात शिरतात आणि शिव्या मला बसतात. तू वेळेवर जेवत जा. माया कमी करू नकोस.

तुझी आत्या,
लूसेआने


नेइआफू
२३ जून

चि. सौ. अनासेइनीस आशीर्वाद.

हे एकटीने वाच. सेमिसीला मी लिहिलंय की मीच सांगितलं. खोटं लिहिलंय.

त्या दिवशी बंद कर म्हणाले ती मीच, पण तेवढ्या घटकेपुरतं. संध्याकाळी कर्स्टीने फोनवर सांगितलं ना, की लघवीची नळी मुडपली होती म्हणून रक्तदाब चढला, करंटचा त्यात दोष नाही? तू शेजारीच उभी होतीस. तरी मशीन बंद ठेवलंस आणि पकडली गेल्यावर माझं नाव पुढे केलंस. आत्याच्या नावापुढे कोणी तोंड उघडत नाही, हे तुला पक्कं ठाऊक. मला फार लागलं गं.

भीती कळते मला. नवरा गमावण्यापेक्षा खुर्चीतला बरा, असं वाटलं असेल. मग त्याला तसं सांगायचंस. तोंडावर हो कशाला म्हणत राहिलीस?

मी हे अंगावर घेतलं, कारण सकाळी त्याला उचलणारे हात तुझे आहेत. माझ्यावर रुसून त्याचं काही अडत नाही. पण मशीन परत आलं तर तुझ्याच हातात येणार. त्याआधी त्याला खरं सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.

मुलांना पापा.

लूसेआने


माउंट ड्रुइट
२ ऑगस्ट

तीर्थरूप आत्यास,

सेमिसीचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा आधी खूप चिडलो. मग म्हटलं, आत्या आहे, तिचा हक्कच आहे. मनातून माफ करून टाकलं आणि रविवारी तुमच्यासाठी प्रार्थनाही केली.

गेल्या आठवड्यात मशीन परत आलं. अनासेइनीने पट्ट्या हातात घेतल्या आणि पुन्हा खाली ठेवल्या. मग सगळं सांगितलं आणि तुमचं पत्र माझ्यापुढे ठेवलं.

म्हणजे बायकोने फसवलं आणि आत्याने त्यावर पांघरूण घातलं. दोघी म्हणता, माझ्या भल्यासाठी. माझं भलं कशात आहे हे मला सोडून सगळ्यांना कळतं वाटतं. तुम्ही काही केलं नव्हतं तेव्हा मी तुम्हाला माफ केलं. आता खरंच केलंत, तर माझ्याकडे माफी शिल्लक नाही.

सराव सुरू आहे. कर्स्टी म्हणते, नाताळपर्यंत चटईवर बसशील. अनासेइनी पूर्वीसारखीच उचलते, अंघोळ घालते, मागे बसून मशीन चालवते. फक्त आता मी पट्ट्या आधी माझ्या दंडावर लावायला सांगतो, जिथे मला लागतं. मुंग्या आल्या की मगच पाठ पुढे करतो. काल दांडी सोडून छान ताठ बसलो होतो. करंट चालू आहे हे माझं अंगच सांगत होतं. तरी मध्येच म्हणालो, काढ, पुन्हा दंडावर लाव. तिने डोळे पुसले आणि लावल्या.

लोभ आहे तसा असू द्या. विश्वासाचं मात्र इतक्यात विचारू नका.

सेमिसी