पुनवेचं पाणी

परळ, मुंबई
ता. २० फेब्रुवारी १९३८

तीर्थरूप आजीस कुंडलिकचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

भागीआजी आणि तिचे यजमान रंगपंचमीला आगबोटीने कराचीला चालले, हे तुला कळलंच असेल. त्यांच्या मुलाला तिकडे गोदीत कायमचं काम लागलं. पानमळा दिराच्या हवाली केला आहे. परत येणं कधी, ते काही धड सांगत नाहीत.

तेरा वर्षांत तुम्हा बहिणींची भेट नाही. म्हणून मी शेटजींकडे शब्द टाकला. ज्यांची गाडी मी चालवतो तेच हे शेटजी. शिमग्याला ते महाबळेश्वरी जाणार, तेव्हा जुनी मोटार दोन दिवस ने, पण नेशील तशीच आण, असं म्हणाले. होळीच्या रात्री मी शेणव्याला येतो, धुळवडीला पहाटे निघू. वाडा, मनोर, पालघर, केळवे. पुढे भागीआजीच्या पांढरवाडीला रस्ता नाही, दीड मैल समुद्राच्या ओल्या वाळूवरून गाडी न्यायची. सामान कमी घे. एवढंच मागणं आहे, ते ऐक आणि लोभ कमी करू नकोस.

तुझा
कुंडलिक

शेणवा
माघ वद्य दशमी

चिरंजीव कुंडलिक यास आजीचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नातसुनेनं, चंद्रकलेनं वाचलं. तेव्हापासून माझं एकच चाललंय. रात्री दोनदा उठून गाठोडं सोडते नि बांधते. तुझे आजोबा म्हणतात, अजून वीस दिवस आहेत, घोंगडीखाली पड.

आगगाडीनं जा म्हणून त्यांनी सांगून बघितलं. मी म्हटलं, मागं तुमीच मला कल्याणच्या फलाटावर हरवलीत नि घरी येऊन चहा मागितलात. पुन्हा तुमच्या संगती आगगाडीत पाय घालायची नाय.

सामान कमीच आहे. भागीची ओटी भरायची, म्हणून सापगावला भावाकडं जाऊन आमच्या बापाच्या खाचरातले तांदूळ पायलीभर आणले. परमुलखात चाललेल्या बहिणीची ओटी माहेरच्या तांदळानं भरल्याबिगर तिला जाऊ द्यायची नाय, आई जाताना मला सांगून गेली. खण घेतला. नारळही घेतला. आजोबा हसले, नारळीच्या वाडीत नारळ नेतेस म्हणाले. त्यांचं हसू मी गाठोड्यात घेतलेलं नाय. बाकी दोन कोहळे, वाल, तीळ आणि एक कोंबडी, एवढंच.

ही चंद्रकला तुला काही लिहू का म्हटलं तर लाजते. लिहिणारी तीच, मग मी सांगितलेलं गाळते की काय कोण जाणे. तिला बांगड्या आण, हे मात्र तिनं ठळक लिहिलं असेल बघ.

जीव सांभाळून चालव. तुझी वाट बघणारी,
आजी

पांढरवाडी, केळव्याजवळ
फाल्गुन शुद्ध पंचमी

तीर्थरूप आक्कास भागीरथीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तू येणार म्हणून मी अंगण दोनदा सारवलं. हे लिहितायत नि हसतायत.

आक्का, एक ध्यानात धर. आमची वाट समुद्राची आहे. तो सांगेल तेव्हाच ती उघडते. पुनवेला नि तिच्या दुसऱ्या दिवशी उधाण असतं, भर दुपारी पाणी सुरूच्या झाडांपर्यंत चढतं. धुळवडीला सकाळी आठच्या आत वाळूवर या. चुकलात तर केळव्याच्या देवळात बसा नि संध्याकाळी पाच वाजल्यावर निघा. मधे येऊ नका. तुला बसवत नाय, मला माहीत आहे. लहानपणी भात शिजायच्या आत झाकण काढून बघायचीस. तरी बस.

आमची बोट ठरली, ती बदलणार नाय. तुझ्या हातची ओटी घेऊनच जाईन.

तुझ्या मायेची हक्कदार,
भागी

शेणवा
फाल्गुन शुद्ध नवमी

चिरंजीव सौभाग्यवती भागीस आक्काचा आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. तुम्ही दर्याकाठची माणसं पाण्याचे फार लाड करता. आमच्या तानसा नदीला मी उभ्या जन्मात कधी पाहुण्याला बघून अंगावर धावताना पाह्यलं नाय. पुनवेसारखा चांगला दिवस नि त्याच दिवशी म्हणे वाट बंद! तरी तू म्हणतेस तर आठच्या आत येते. चूल पेटती ठेव.

तुझी,
आक्का

पांढरवाडी
फाल्गुन वद्य द्वितीया

चिरंजीव सौभाग्यवती चंद्रकलेस आजेसासूचा आशीर्वाद. वि. वि.

आमी जिवंत आहोत. आजोबांना हे आधी वाचून दाखव, मग बाकीचं. हे पत्र भागीचे यजमान लिहितायत. अक्षर बरं आहे, पण माझ्या शिव्या गाळतात.

कोंबडं आरवायच्या आत निघालो. मोटार बरी चालली. पण धुळवड ना ती! वाड्याच्या अलीकडं पहिल्या पाड्यावर पोरांनी वाटेत आडवा दोर धरला, शिमग्याचं पोस्त द्या म्हणाले. दिलं नि पुढं गेलो. दुसऱ्या पाड्यावर बायाच दोर धरून उभ्या. त्यांनी माझ्यावर म्हातारीचं गाणं म्हटलं. आता गाण्याला गाणं न देता निघून जायचं, ही काय रीत? मी मोटारीतनं उतरले नि तीन गाणी फेडली. कुंडलिक भोंगा वाजवत होता, बायांनी भोंग्यावरही गाणं केलं. मनोरपर्यंत असे अकरा दोर झाले. वैतरणेच्या उतारावर चाक रुतलं ते वेगळं. पोस्त म्हणून तीळ संपले, वाल संपले, शेवटी कोंबडी गेली.

केळव्याला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. कुंडलिक म्हणाला, देवळात बसू. देवळातल्या गुरवानंही तेच सांगितलं. मी वाळूवर जाऊन बघितलं तर पाणी लांब होतं, मोटारीजोगी वाट दिसत होती, नि त्या टोकाला भागीची माडांची वाडी. तेरा वर्षांनी दीड मैल उरलेला, नि मी पाच वाजेपर्यंत देवळात खांब मोजत बसू? कुंडलिक नाय नाय म्हणत होता. मीच त्याला म्हटलं, तुझ्या आजोबासारखा घाबरट निघालास. चूक माझी आहे. त्याला कोणी काय बोलू नका.

अर्ध्या वाटेत पुढली चाकं बसली. तो उकरत होता तेवढ्यात पाणी आलं. गो चंद्रकले, ते धावत नाय, ओरडत नाय. पायाशी बघावं तर नाय, पुन्हा बघावं तर आहे. मी गाठोडं डोक्यावर घेऊन मोटारीत उभी राहिले नि पहिल्यांदा वाटलं, भागी बोटीत बसेल नि हे तांदूळ माझ्याच डोक्यावर राहतील.

तेवढ्यात पलीकडनं बैलगाडी दिसली. भागी सकाळपासून सुरूखाली बसून होती. यजमानांना म्हणाली होती, आक्का थांबणार नाय, बैल जुंपून ठेवा. गड्यांनी दोन जोड्या लावल्या, पण वाळू सोडेना. पाणी मोटारीच्या पायफळीवर आलं. मग भागी लुगडं खोचून पाण्यातनं चालत आली नि मोटारीत माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, आता मोटार आहे तोवर ओटी भरून घे. पाट नाय, दिवा नाय. मी कुंकू लावलं, पदरात नारळ, खण, तांदूळ घातले. एक लाट आत आली, निम्मी ओटी भिजली. तरी तिनं दाणा सांडू दिला नाय. कुंडलिक बाहेर कमरेएवढ्या पाण्यात दार धरून उभा होता, तो तोंड फिरवून बैलांना हाका मारायला लागला.

मग आमाला बैलगाडीतनं काठावर नेलं, नि पाणी उतरल्यावर मोटार निघाली. यंत्रात खारं पाणी गेलंय, कुंडलिकनं सगळं सोडून अंगणभर वाळत घातलंय, भागीनं मिरच्या घालाव्यात तसं. शेटजींना त्यानं तार केली, सगळं खरं लिहिलं. चूक माझ्या नावावर घाल म्हटलं, तर घातली नाय. त्याची नोकरी राहील की नाय कळत नाय. ती टोचणी मला आहे, ती मी तिकडं आल्यावर कोणाला सांगणार नाय, म्हणून इथंच लिहवून घेते.

दोन दिवसांनी येतो. गडबडीत मोटारीतच राहिलेल्या तुझ्या बांगड्या भिजल्या पण फुटल्या नायत.

तुझी,
आजी

कराची
ता. १० एप्रिल १९३८

तीर्थरूप आक्कास भागीरथीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

बोटीत तीन दिवस मी पदर सोडला नाय. पोचल्यावर ओटीचे तांदूळ वाळवले नि पहिल्या दिवशी तेच शिजवले. खारट लागले. मुलगा म्हणाला, आई, मीठ जास्त झालं. हे म्हणाले, मीठ घातलेलंच नाय, मावशीला विचार. तांदूळ थोडे उरवून डब्यात ठेवलेत.

शेटजींनी कुंडलिकला ठेवला हे वाचून मी देवाला साखर ठेवली. गाड्या धुवायच्या कामावर का होईना, ठेवला. घर दगडी आहे, गल्लीत सगळे अनोळखी. पण समुद्र इथंही आहे, नि पुनवेला इथंही चढतो.

आठवण काढत जा, मलाही उचक्या लागू देत.
भागी

शेणवा
वैशाख शुद्ध पौर्णिमा

चिरंजीव सौभाग्यवती भागीस आक्काचा आशीर्वाद. वि. वि.

कुंडलिकला परवापासून पुन्हा गाडी चालवायला दिली. पण शेटजींनी त्याला विचारलं म्हणे, तुझी आजी संगती नाय ना? मी हे मनावर घेतलेलं नाय.

आता मी चंद्रकलेला पंचांग बघायला लावते. आज पुनव. दुपारी जेवण सोडून ओट्यावर येऊन बसले. आजोबांनी विचारलं, कोणाची वाट बघतेस? समोर नुसती करपलेली खाचरं. मी म्हटलं, कोणाची नाय, पाणी चढतंय. त्यांनी खाचराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, नि माझ्या शेजारी पाय वर घेऊन बसले.

तुझ्या डब्यातले तांदूळ संपवू नकोस.

तुझी,
आक्का