खाडीच्या रेतीचं घर

बाबा, तुम्ही सुपरवायझर असताना वसई पूर्वेला उभी राहिलेली ती चार मजली बिल्डिंग आठवते ना? तिथलं दुसऱ्या मजल्यावरचं घर मी घ्यायला निघाले होते. नवरा म्हणाला, इतकी जुनी इमारत, एकदा इंजिनिअरला दाखवू. मला रागच आला. घर विकणारे काकाही हसले. "तुजे बाबा रोज सोता उभं राहून स्लॅबवर पानी मारून घ्यायचे. त्यांची बिल्डिंग काय तपासायची?" माझी छाती फुगली. तरी नवऱ्याच्या समाधानासाठी हो म्हटलं.

इंजिनिअरने पार्किंगमधले खांब हातोडीने ठोकले, ते पोकळ वाजले. एकाचं प्लास्टर काढलं तर आतल्या सळईचे पापुद्रेच त्याच्या हातात आले. "खाडीची रेती आहे, न धुता वापरलेली. मिठाने लोखंड खाल्लंय," तो म्हणाला. "घर घेऊ नका, ताई. आणि माझा रिपोर्ट सोसायटीला नक्की द्या. लोकं राहतात इथे." काका तेव्हा वर आमच्यासाठी चहा टाकत होते.

ती बिल्डिंग उभी राहत होती तेव्हा मी सातवीत होते. शाळा सुटल्यावर माणिकपूरहून तुमचा डबा घेऊन साइटवर आले आहे. रेतीचा ट्रक उभा आहे आणि तुम्ही नेहमीसारखी चिमूटभर रेती जिभेवर ठेवता. खारट लागली की गाडी परत, हा तुमचा नियम. आदल्या महिन्यात अशीच एक परत पाठवलीत म्हणून बिल्डरने तुम्हाला पंधरा दिवस घरी बसवलं होतं. या वेळी तुम्ही थुंकलात, जरा थांबलात आणि म्हणालात, "उतरवा." मी विचारलं, "खारट नव्हती?" तुम्ही सगळ्यांदेखत खेकसलात, "तुला काय कळतंय यातलं? घरी जा!" डबा न उघडताच परत दिलात. मी रस्ताभर रडले, पण तुमचं चुकलं असेल असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही, पुढेही कधी नाही.

आता तुमचा भयंकर राग येतो, बाबा. मग त्या पंधरा दिवसांत आई शेजारी तांदूळ मागायला गेली होती ते आठवतं, आणि रागवायचं तरी कुणावर ते कळेनासं होतं. तो भात मीही खाल्ला आहे.

घर घेत नाही. काकांना सांगितलं, नवऱ्याला ऑफिस लांब पडतं. ते हळहळले, "तुज्या बाबांच्या हातचं घर तुज्याकडंच जायला पायजे होतं." रिपोर्ट दिला की पहिला प्रश्न निघेल, तेव्हा रेती कोणी उतरवून घेतली? तुम्हाला ओळखणारे तिथे अजून आहेत.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, ठाऊक आहे. रिपोर्ट पोचायला हवा होता. आठ दिवस झाले, तो माझ्या कपाटात आहे. चारही मजल्यांवर माणसं राहतात, आणि मी तुमचं नाव जपत बसले आहे.