माझा पिणारा धाकटा भाऊ

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सुटाच्या दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या! आयुष्य कात्रीवर गेलं माझं. शिकाऊ पोरगासुद्धा करणार नाही अशी चूक. मालकांनी नुसतं कापड उचलून बाजूला ठेवलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आधीच खबर पोचली होती. बायको म्हणाली, "पिणं सोडणाऱ्यांची मीटिंग असते म्हणे दर गुरुवारी, वाचनालयाच्या इमारतीत. जायला लागा. नाहीतर मी लेकीला घेऊन माहेरी चालले. आणि या वेळी समजूत काढायला येऊ नका." आवाजसुद्धा चढवला नाही तिने. लेक आतल्या खोलीत अभ्यास करत होती — म्हणजे ऐकत होती.

बुधवार, ४ फेब्रुवारी

जाईन. पण दारुड्यासारखा दिसणार नाही! निळा शर्ट स्वतः इस्त्री केला. कॉलर अशी बसली की बघत राहावं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

इमारत सापडली, खोली सापडेना. चकरा मारमारून पाय दुखले. विचारायचं कुणाला, आणि काय म्हणून? शेवटी वॉचमनच्या कानाशी लागलो — "ती... दारूची मीटिंग?" त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तळमजल्यावरचं दार दाखवलं.

आत बहुतेक बायकाच. म्हटलं, अरे वा, बायकाही एवढ्या पितात! मग एकेक बोलू लागली. "कुलपात किल्ली कशी फिरते त्यावरून मला कळतं, आज किती झालीय." "मुलाच्या ऑफिसात मीच फोन करते, ताप आलाय म्हणून." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ही पिणाऱ्यांची नव्हे, पिणाऱ्यांच्या घरच्यांची मीटिंग! पिणारे वरच्या मजल्यावर. वॉचमनने शर्ट बघून मला खाली धाडलं होतं.

उठणार, तेवढ्यात मीटिंग चालवणाऱ्या मावशी माझ्याकडे वळल्या. पूर्वी नर्स होत्या म्हणे. "तुमचं कोण, दादा?"

"भाऊ," म्हणालो. "धाकटा."

मला भाऊ नाही. बहीणही नाही. एकुलता एक मी!

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं, जाऊन आलो. त्यात खोटं काय आहे? ती चक्क हसली माझ्याकडे बघून. दुकानातून येताना थोडी घेऊनच आलो होतो.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज वरच जायचं, असं ठरवून निघालो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून कुणीतरी खदाखदा हसलं. मलाच हसलं असं वाटलं. फिरलो मागे, गेलो तळमजल्यावर.

भावाबद्दल बोलायला लागलो आणि थांबेचना. भाऊ लेकीच्या वाढदिवसाचा केक आणायला गेला आणि दुसऱ्या दिवशी हात हलवत परत आला. भावाने दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या. भाऊ बायकोच्या तोंडावर खोटं बोलतो. मावशी म्हणाल्या, "किती सोसलंत हो दादा!" आणि मी ढसाढसा रडलो. एक निवृत्त हेडमास्तर आहेत, त्यांचा मुलगा पितो. त्यांनी स्वतःचा रुमाल दिला. इतक्या मायेने माझ्याशी कोण वागलंय अलीकडे? चोर तो चोर, वर शिरजोर — असा झालोय मी.

रविवार, १५ फेब्रुवारी

प्यायलो.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

मावशी म्हणाल्या, "पिणाऱ्याला पाठीशी घालू नका. त्याच्यासाठी खोटं बोलायचं नाही. त्याने केलेलं त्याला निस्तरू द्या. घरच्यांना खोटं बोलायची सवय लागते ना, तोही आजारच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली! भावाने त्याचं निस्तरावं, माझी काही हरकत नाही.

निघताना हेडमास्तर हळूच म्हणाले, "भावाला सांगा, एक जिना चढायचा, बस." त्यांना कळलंय की काय? छे, चोराच्या मनात चांदणं. पण घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. उद्या बायकोला खरं सांगितलं तर ती बॅग भरेल. नाही सांगितलं तर आज ना उद्या भरेलच.

सोमवार, २३ फेब्रुवारी

लेक दारातच आडवी आली. "बाबा, मीटिंगमध्ये काय करता?"

"बोलतो."

"आणि मग?"

ती जवळ आली, तोंडाचा वास घेतला आणि आत निघून गेली. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "आले का गं? कसे आहेत?" लेक म्हणाली, "ठीक आहेत." वाचलो म्हटलं! मग जेवायला बसलो तर लेकीकडे बघवेना.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

मीटिंगला आज नवी मुलगी आली. खांद्याला कॉलेजची बॅग. माझी लेक.

मला बघून थबकली. मावशींनी तिला हाताला धरून माझ्याच शेजारी बसवलं. "घाबरू नकोस, बाळा. या काकांचा भाऊही पितो. तुझं कोण पितं?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. "तोच," म्हणाली. "हे माझे बाबा. त्यांचा भाऊ, म्हणजे माझा काका."

आवाज जरासुद्धा हलला नाही तिचा. किती वर्षं बोलत असेल माझ्यासाठी असं?

मी उभा राहिलो. म्हणालो, मला भाऊ नाही. दारू मी पितो.

मग जिना चढलो. ती खालीच राहिली, मावशींजवळ.